एक्कावन्न फूट: पुराच्या भीतीचं एक प्रकरण

जुलै लागला की कोल्हापुरात "पाणी किती?" एवढंच विचारतात. कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, ते फूट-इंचात सांगायचं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. शाळकरी पोरांनाही हे दोन आकडे पाठ असतात.

मी राहतो ती अपार्टमेंट रमणमळ्याच्या बाजूला, नदीकडं उतरत जाणाऱ्या जमिनीवर आहे. २००८ ला बांधलेली, चोवीस फ्लॅट, खाली पार्किंग. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री या इमारतीत जी पळापळ झाली, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे केलं आणि जे केलं नाही, ते मी इथं लिहून ठेवतोय. भीतीवर राजकारण चालतं असं आपण सहज बोलून जातो. पण आपल्याला वाटणाऱ्या दहा भीतींपैकी कुठली चारचौघांत बोलायची आणि कुठली गिळायची हे कोण ठरवतं, ते मला या इमारतीत जवळून बघायला मिळालं.

आधीचे दोन पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत घबराट अजिबात नव्हती. पाणी चढत होतं आणि जो तो सांगत होता, "२००५ ला हितं आलं नव्हतं." २००५ ला ही इमारतच नव्हती, इथं ऊस होता. कुणी पाणी बघितलं असेल तर त्या रानाच्या मालकानं. आम्हाला ते वाक्य फ्लॅट विकणाऱ्यानं सांगितलेलं, आणि ते आम्ही अकरा वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगत होतो. सगळ्या शहराचीच मोजपट्टी तेव्हा २००५ चा पूर होती. गाड्या पार्किंगमध्येच राहिल्या. मीटरचे बोर्ड पार्किंगच्या भिंतीवर, त्यामुळं वीज गेली ती आठवडाभर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. खालच्या मजल्यावरची दोन घरं बोटीनं बाहेर काढावी लागली.

जुलै २०२१ ला ५६ फूट ३ इंच. या वेळी मात्र सगळे आधीच निघाले, गाड्या उंचावर नेऊन लावल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या वॉचमननं एक काम केलं, जे मला आजही मोठं वाटतं. पार्किंगच्या खांबावर चिखलाचा डाग होता तिथं त्यानं लाल ऑइलपेंटनं रेघ मारली आणि वर्ष लिहिलं. २०१९ चा डाग त्याच्या लक्षात होता, तीही रेघ मारली. दोन्ही रेघांत जेमतेम वीतभर अंतर.

पुढं एका रविवारी मी टेप घेऊन बसलो. २०२१ ची रेघ जमिनीपासून सव्वापाच फुटांवर. ५६ फूट ३ इंचांतनं ते वजा केलं की उरतात ५१ फूट. २०१९ च्या रेघेवरनं हिशोब केला तरी तेच. बंधारा आणि आमची जागा यांत नदीचा उतार आहे, त्यामुळं हे इंचाला खरं असेलच असं नाही. पण फुटाला खरं आहे. बंधाऱ्यावर ५१ झाल्याशिवाय आमच्या पार्किंगची फरशी भिजत नाही. मी हे ग्रुपवर टाकलं, चार अंगठे आले, आणि शुभ सकाळच्या फुलांखाली ते गडप झालं.

ती रात्र

जुलै २०२४ ची ती रात्र पातळी ४४ च्या आसपास असतानाची आहे. धोका पातळी ओलांडलेली, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडू लागलेले. पाऊस धरून होता, पण पाणी इंचाइंचानं चढत होतं.

साडेनऊला ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. कुणाचा ते आजतागायत कळलेलं नाही. बाप्याचा आवाज, धाप लागलेला. "अलमट्टीनं पाणी सोडायचं बंद केलंय, राधानगरीचं सातही दरवाजं उघडल्यात, पहाटेपर्यंत साठ फूट हुतंय, पोराबाळांस्नी घिऊन निघा." अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात, कृष्णेवरचं धरण; तिथं पाणी अडवलं की ते मागं तुंबून आपल्याकडं पूर चढतो, असं इकडं मानतात. पाच मिनिटांत तोच मेसेज आणखी तीन ग्रुपवरनं फिरून आला, आणि चार ठिकाणहून आला म्हणजे खराच, असं सगळ्यांनी धरलं.

यातली एकेक गोष्ट सुटी करून बघायला फार वेळ लागला नसता. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं, सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. आकडा दचकवतो खरा, पण पावसाळ्यात हे दरवाजे उघडणं नवलाचं नाही. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात, बांधलेतच त्यासाठी. शिवाय ते पाणी भोगावतीतनं कोल्हापुरात यायला कैक तास जातात. आणि ४४ चे साठ म्हणजे एका रात्रीत सोळा फूट. २०२१ चा पूर आम्ही आयुष्यातला सगळ्यात मोठा म्हणतो, हे त्याच्याही जवळपास चार फूट वर झालं. पण त्या रात्री वजाबाकी करायला कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही. ५१ चा आकडा काढणारा माणूस मीच, आणि मी बायकोला हाक मारून कागदपत्रांची पिशवी काढायला सांगत होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

दहा वाजता गल्लीच्या तोंडाला एकवीस गाड्या अडकल्या होत्या. पुढच्या वळणावर एक टेम्पो बंद पडलेला, मागच्याला मागं जाता येईना. हॉर्न, पाऊस, रडणारी पोरं. एक वहिनी गॅसची टाकी जिन्यावरनं ओढत वर नेत होत्या, त्याच जिन्यावरनं बाकीची माणसं खाली पळत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना, वय ब्याऐंशी, दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने खाली उतरवलं आणि गाडीत ठेवलं. गाडी दोन तास जागची हलली नाही. आजींचं बीपी वाढलं, हात थरथरायला लागले, नातीनं काच खाली करून छत्री आत धरली होती. रात्री साडेबाराला त्यांना त्याच खुर्चीतनं परत वर नेलं. तिसरा मजला! दोन्ही महापुरांत तिथं पाण्याचा थेंब गेला नव्हता. इमारतीतली सगळ्यात सुरक्षित जागा सोडायला लावून आम्ही त्यांना रस्त्यावर, पावसात नेऊन ठेवलं होतं.

सकाळी पाणी आमच्यापासून लांबच होतं. पुढच्या दिवसांत पातळी ४७ च्या पुढं गेली आणि तिथनं उतरायला लागली. पार्किंग कोरडं राहिलं.

सुतारवाड्याच्या मावशी

आमच्या इमारतीत चार घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी सुतारवाड्यात राहतात. पंचगंगा चढली की शहरात सगळ्यांत आधी जिथं पाणी शिरतं त्यातली ही वस्ती. त्या रात्री मावशी दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात झोपल्या होत्या, आदल्या दिवशीच ट्रंक आणि शेगडी घेऊन गेलेल्या. नंतर मी त्यांना विचारलं, भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "भ्या वाटतंच की वो. पर आकडा म्हाईत हाय न्हवं. एकोणचाळीस झालं की भांडी बांधायची, पालिकेची मानसं याच्या आत निघायचं. मग रातीला कोन काय का बोलंना."

शाहूपुरीत आणि बापट कॅम्पला कुंभार मंडळी त्याच दिवसांत गणपतीच्या मूर्ती हलवत होती. मागच्या दोन पुरांनी त्यांच्या कच्च्या-पक्क्या मूर्तींचा चिखल केलेला. ज्या मूर्तीला अजून रंग लागायचाय ती पोत्यात गुंडाळून, अंगावर घेऊन, दोघांनी टेम्पोत चढवायची. भीती त्यांनाही होतीच, वर्षभराची कमाई त्या पोत्यात होती. पण त्यांच्या भीतीला हात होते, पाय होते, ठरलेली वेळ होती. आमची भीती आकड्याला बांधलेली नव्हती. म्हणून २०१९ ला ती हवी होती तेव्हा उगवली नाही, आणि २०२४ ला नको होती तेव्हा रस्ता अडवून बसली. दोन्ही वेळची माणसं तीच.

रविवारची बैठक

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये बैठक लावली. विषय तीन होते: मीटरचे बोर्ड वर नेणं, निरोपाची नीट व्यवस्था, आणि तिसरा मी लिहून दिलेला, तो पुढं सांगतो. बैठकीला भागातले एक इच्छुक उमेदवार आले. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होता, निवडणूक कधीही लागेल अशी हवा. ते पाऊण तास बोलले, आणि सगळं अलमट्टीवर.

अलमट्टीचा प्रश्न खोटा नाही, हे आधी लिहितो. हे धरण १२३ टीएमसीचं, म्हणजे तेवढ्या अब्ज घनफुटांचं. आज पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात, आणि कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादानं ५२४.२५६ पर्यंत अडवायला मान्यता दिली आहे. शिरोळच्या शेतकऱ्याचा जीव या आकड्याला टांगलेला असतो. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, जमीन सपाट, पाणी एकदा चढलं की दिवसेंदिवस हलत नाही. दोन राज्यांनी पावसाळ्यात रोज बोलून विसर्ग ठरवावा, ही मागणी रास्तच आहे. पण कोल्हापूर शहरात आपली धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३ मीटरवर येते, म्हणजे अलमट्टीच्या वाढीव उंचीपेक्षाही अठरा-एकोणीस मीटर वर. पुराच्या पाण्याला उतार असतो, नुसत्या उंचीच्या वजाबाकीनं वाद मिटत नाही, हे मान्य. तरी २०१९ च्या पुरानंतर शासनानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला या पुराचं कारण धरलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला अफाट पाऊस आणि नदीच्या पात्रात, पूरपट्ट्यात झालेली अडवणूक, यांकडं बोट दाखवलं.

यातलं एक अक्षर बैठकीत निघालं नाही. उमेदवारांनी निवेदन लिहूनच आणलं होतं. चोवीसपैकी तेवीस फ्लॅटच्या सह्या दहा मिनिटांत झाल्या. बोर्ड वर नेण्याचा खर्च ऐकल्यावर मात्र "दिवाळीनंतर बघू" असं ठरलं.

मग मी तिसरा विषय काढला. आमच्या मागं, नाल्याच्या पलीकडं एक मोठा प्लॉट आहे. दोन वर्षं तिथं डंपर येतात. मुरूम, पाडलेल्या घरांचा राडारोडा, सगळं नदीच्या अंगाला ओततात. पूर्वी पाणी पसरायला जी खोलगट जागा होती ती आता आमच्या कंपाउंडच्या उंचीला आलीय. पूररेषेचा नियम साधा आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्याच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. आणि भराव टाकून पाण्याची जागा अडवायची नाही. महामार्गाच्या भरावानं शिरोलीकडं पाणी तुंबतं, तिथं खांबांवरचा पूल हवा, असं सगळं कोल्हापूर बोलतं. तोच न्याय आमच्या मागच्या प्लॉटला लावायचा, एवढंच मी म्हटलं. एक अर्ज करू, सगळ्यांच्या सह्यांनी.

कुणी विरोध केला नाही. कुणीच काही बोललं नाही. एकानं मोबाइल काढला. एक काका वर बघून पंखा का हलतोय ते तपासायला लागले. उमेदवार म्हणाले, "सर, हा विषय जरा वेगळा आहे, आपण निवांत बोलू." चहा आला.

त्यानंतरच्या आठवड्यात माणसं एकेकटी माझ्याकडं आली. जिन्यात, दळपाच्या गिरणीत, फिरायला गेल्यावर. एक जण म्हणाला, "माझं पोरगं रोज त्याच रस्त्यानं क्लासला जातंय." दुसऱ्याचा भाऊ त्या प्लॉटवाल्याकडं कामाला. तिसऱ्यानं फक्त हात जोडले. आणि एक वहिनी म्हणाल्या ते सगळ्यांत खरं होतं: "भाऊजी, पूररेषा-पूररेषा म्हणून अर्ज दिला की आमच्याच फ्लॅटचा दर पडायचा."

तेव्हा मला खांबावरच्या रेघा आठवल्या. पहिल्या मजल्यावरच्या एकांनी फ्लॅट विकायला काढला होता. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी दोन्ही लाल रेघांवर पांढरा डिस्टेंपर मारलेला मी स्वतः बघितला होता, आणि मीही तेव्हा गप्प राहिलो होतो.

मला यातनं काय दिसलं ते सांगतो. त्या बैठकीत भीती एक नव्हती, निदान तीन होत्या. पाण्याची, माणसाची आणि दर पडण्याची. पहिली मोठ्यानं बोलता येत होती, कारण तिच्यासाठी दोनशे-अडीचशे किलोमीटरवरचं, दुसऱ्या राज्यातलं एक धरण तयार होतं. त्याचं नाव घेतलं तर उद्या गल्लीत कुणी अडवत नाही, कुणाच्या भावाची नोकरी जात नाही, आणि सगळे पक्ष एका सतरंजीवर बसू शकतात. बाकीच्या दोन भीती त्या पहिलीच्या आड लपल्या. अलमट्टीविरुद्धच्या सह्यांत पाण्याची भीती होतीच, पण शेजारच्या माणसाचं नाव घ्यावं लागणार नाही ही सुटकाही होती. आणि त्या उमेदवारांना मी लबाड म्हणणार नाही. तेही इथंच राहतात. त्या प्लॉटवाल्याचं नाव उच्चारायची छाती त्यांनाही झाली नाही. पुढारी भीती विकतो, हे मला आता अर्धंच खरं वाटतं. ती विकत घेताना आपणही बघून घेतो, कुठली परवडते ते.

चिखलीकडं बघून हे जुनंच आहे असं कळतं. प्रयाग चिखलीतल्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी २०१९ ला कितीतरी कुटुंबं जुन्या गावातच होती आणि बोटींची वाट बघत होती. शहरातली माणसं त्यांना हट्टी म्हणतात. घर, रान, दूधदुभतं, भाऊबंदकीतला वाटा सुटेल ही भीती पाण्याच्या भीतीपेक्षा रोजची असते. पाणी पंधरा वर्षांतनं एकदा येतं, भाऊबंद रोज दिसतात.

त्यानंतर

मीटरचे बोर्ड मार्च २०२५ ला वर गेले. ते भाषणानं नाही झालं. एक वायरमन आला, त्यानं बोर्डाचं झाकण उघडून आतला २०२१ चा वाळलेला चिखल नखानं खरवडून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "ह्यात करंट खेळतोय रोज." तिथल्या तिथं वर्गणी जमली.

मे २०२५ ला अंकली टोलनाक्यावर अलमट्टीच्या उंचीविरुद्ध चक्काजाम झाला, त्याला आमच्या इमारतीतनं चौघं गेलो. मी शिरोळसाठी गेलो, आणि पुन्हा जाईन.

भरावाचा अर्ज मी दिला. त्यावर तीन सह्या आहेत. एक माझी, एक खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांची, आणि तिसरी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची. त्यांच्याकडं मी मागायला गेलो नव्हतो. नातीकडनं कळल्यावर त्यांनीच बोलावून घेतलं, चष्मा लावून अर्ज सगळा वाचला, एका शब्दाची वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि सही केली. आवक क्रमांक मिळाला. जागेची पाहणी करू असं उत्तर आलं. दोन महिने डंपर बंद होते. आता रात्री अकरानंतर येतात.

रेघा मी आणि वॉचमननं पुन्हा मारल्या, या वेळी जिन्याच्या आतल्या भिंतीवर, लाल रंगात. २०२१, तिच्याखाली २०१९, आणि अगदी तळाला, फरशीला टेकून, तिसरी रेघ: ५१. कुणी अजून त्यावर रंग मारलेला नाही. नव्या भाडेकरूच्या पोरानं विचारलं, हे एक्कावन्न काय? वॉचमन म्हणाला, "बंधाऱ्यावर पन्नास झालं की पप्पांना गाडी काढाय सांगायचं. त्याच्या आत कोन कायबी बोललं तरी झोपायचं."

मी तिथंच उभा होतो. भरावानं पाण्याची आणखी जागा खाल्ली, तर पुढच्या पुरात फरशी ५१ च्या आधीच भिजेल. मग त्या रेघेपाशी कुठला आकडा लिहायचा, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.